कर्दळीची वकिली पुरे झाली

कर्जत-खालापूर पट्ट्यात बागेविषयीचं एक मत इतकं मुरलं आहे की त्यावर आता कोणी वाद घालत नाही. नर्सरीवाला तेच सांगतो, माळी तेच सांगतो, फार्महाऊसवाले एकमेकांना तेच सांगतात: बहुवर्षायू फुलझाडांत कर्दळ घ्या. बारा महिने फुलते, मरत नाही, तिच्याकडे बघावंही लागत नाही. आणि सोनटक्का? तो नखरेल. त्याला सतत पाणी हवं, फुलणार दोन-तीन महिने, मग वर्षभर नुसता पाला, उन्हाळ्यात तोही पिवळा. परिणाम रस्त्यावर दिसतो. संकरित कर्दळीच्या काळ्या पिशव्या नर्सरीच्या दर्शनी भागात रांगेनं मांडलेल्या असतात, आणि सोनटक्का मागितला की बहुतेक ठिकाणी "सांगून ठेवा, आणून देतो" असं उत्तर मिळतं.

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, नाहीतर खंडन म्हणजे नुसती कुरकुर. कर्दळीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं: या भागातल्या बागांचे मालक बहुतांशी मुंबई-पुण्याचे, शनिवार-रविवारचे. ते कधी येतील याचा नेम नाही, म्हणून बागेत कधीही फूल दिसलं पाहिजे. जमीन मुरमाड, माळी चार बंगले सांभाळणारा. अशा ठिकाणी सोसणारं झाड हवं. कर्दळ सोसते, उन्हात तगते, पावसातही उभी राहते, कंद टाकला तिथे रुजते. यात खोटं काय आहे?

खोटं फार नाही. पण हा सगळा हिशेब फुलण्याच्या दिवसांचा आहे, आणि तो इथल्या पावसाकडे पाठ करून मांडलेला आहे.

कर्जतला वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि त्यातला जवळपास सगळा मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडतो. मागून माथेरान, पुढे घाट. ढग इथे येऊन अडकतात. मग पुढचे आठ महिने आभाळ कोरडं. फाल्गुनापासून पारा चाळिशीकडे सरकायला लागतो आणि काही दिवस ती ओलांडतोही. समुद्राचा वारा इथवर पोचेपर्यंत त्यातला गारवा संपलेला असतो. अलिबाग-मुरूडच्या बागांचे दाखले इथे लागू पडत नाहीत. म्हणजे झाडापुढे दोन परीक्षा आहेत. आषाढ-श्रावणात ऊन नाही, पाणी फुकट. चैत्र-वैशाखात ऊन वाटेल तेवढं, पाणी विकतचं.

आता कर्दळ फुलते कशी ते पाहा. तिच्या प्रत्येक दांड्याला शेंड्यावर फुलं येतात आणि ती आटोपली की तो दांडा संपला. तो जमिनीलगत कापायचा. पुढचं फूल नव्या कोंबावर. थोडक्यात, 'बारा महिने फुलणं' म्हणजे बारा महिने नवे कोंब काढत राहणं. कोंब काढायला पाणी लागतं, शेणखत लागतं आणि दिवसाचं निदान पाच-सहा तास रोख ऊन लागतं. यातला एक जरी ताळा चुकला की फुलं कमी होतात. आषाढात कर्जतला आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. पाणी मुबलक असूनही कर्दळ तेव्हा पानं वाढवते, फुलं हात राखून देते. जी देते त्यांचं काय होतं ते कोणीही पावसाळ्यात जवळ जाऊन बघावं. संकरित कर्दळीची फुलं मोठी आणि पातळ. एका जोरदार सरीत त्यांचा लगदा होतो, तो गळून न पडता दांड्याला चिकटून राहतो आणि त्याखालची कळीही कुजवतो. रोज हातानं काढावा लागतो. ज्या झाडाकडे 'बघावंही लागत नाही' ते हेच.

उन्हाळ्यात उलट. ऊन भरपूर, कर्दळ फुलायला तयार, पण तिची रुंद पानं पाण्याचा उपसा करतात. मुरमाच्या भरावावर लावलेल्या कर्दळीला एप्रिलमध्ये एक दिवसाआड पाणी तोडलं तरी पानांच्या कडा करपतात. तेव्हा बागेत दिसणारी ती लाल-पिवळी फुलं बोअरवेलनं फुलवलेली असतात. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि याच दोन तालुक्यांतल्या कातकरी-ठाकूर वाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली जाते. हे बोट बागवाल्यांकडे दाखवण्यासाठी लिहीत नाही. पण एखाद्या झाडाला 'बिनखर्चाचं' म्हणताना खर्च कुठल्या खात्यावर पडतो तेही सांगावं.

आता सोनटक्का. त्याचंही गणित तेच, दांडा एकदाच फुलतो. फरक वेळेचा. मृगाच्या पावसानं कंदातून कोंब सुटतात, आषाढ-श्रावणाचं ढगाळ, दमट हवामान त्यांना मानवतं, कारण मुळात हे झाड अर्धसावलीतलं, ओढ्याकाठचं. भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या सुमारास, कणसासारख्या हिरव्या गोंड्यातून पहिली फुलं बाहेर येतात आणि पुढे नवरात्र-दिवाळीपर्यंत जुडग्यातला एकेक दांडा पाळीपाळीनं फुलत राहतो. मग दांडे पिवळे पडतात. त्याचा अर्थ झाड मरायला टेकलं असा काढतात; खरं तर ते जमेल तेवढं कंदात साठवून खाली बसलेलं असतं. थोडी सावली असली, वर पाल्यापाचोळ्याचा थर असला आणि अधूनमधून ओल मिळाली की कंद वैशाख काढतो. ज्या चार महिन्यांत पाणी फुकट मिळतं त्याच चार महिन्यांत हे झाड आपलं काम उरकतं. 'सतत पाणी हवं' हा आरोप खरा आहे, पण तो वाढीच्या दिवसांपुरता, आणि त्या दिवसांत पाणी आभाळातून येतं.

इथल्या भातशेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. हळवं, निमगरवं, गरवं हा विचार त्याच्या अंगवळणी पडलेला असतो: ज्या वावरात पाणी लवकर हटतं तिथे हळवं, खोलगट ओल्या वावरात गरवं. कर्जतला भाताचं संशोधन १९१९ पासून चालू आहे. तिथून निघालेलं 'कर्जत-३' हे हळवं वाण वरकस वावरातून कापणीला येतं तेव्हा शेजारच्या खोलगट जमिनीत गरवं भात अजून उभं असतं. कुठलाही शेतकरी वाण निवडताना 'हे किती दिवस शेतात उभं राहील' एवढंच विचारत नाही. 'माझ्या वावरात ओल किती दिवस टिकते' हे आधी विचारतो. हाच प्रश्न कुंपणाच्या आत गेलो की आपण का विसरतो, हे मला कळलेलं नाही. बहुधा कुंपणाच्या आत पाइप असतो म्हणून.

याला अपवाद आहे आणि तो मोठा आहे. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजगृहातून खाली येतं. हे वीजगृह १९२२ पासून चालू आहे. त्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाला कालव्यावर उन्हाळी भात उभं राहतं. तिकडे खोपोलीच्या वीजगृहाचं पाणी १९१५ पासून पाताळगंगेत पडतं. या नद्यांच्या आणि कालव्याच्या काठच्या विहिरींना चैत्रातही पाणी असतं. तिथे ज्याला कर्दळ बारा महिने फुलवायची आहे त्यानं खुशाल फुलवावी, मला हरकत नाही. मात्र त्याच काठावर सोनटक्काही उन्हाळाभर हिरवागार राहतो, हे कर्दळीची वकिली करणारे सांगत नाहीत.

आता 'सोसणं'. कर्दळ सोसते म्हणजे मरत नाही, एवढंच खरं. या दमट हवेत तिच्या पानांच्या पाठीवर तांबेऱ्याचे नारिंगी फोड येतात. तिचं कोवळं पान सुरळीसारखं गुंडाळलेलं असतं. अळीनं त्या सुरळीला एकाच जागी आरपार भोक पाडलं की पान उलगडल्यावर एका ओळीत पाच-सहा भोकं दिसतात, जणू कोणी पंच मारला आहे. संकरित जातींत कंदाबरोबर विषाणू पसरतो आणि पानांवर शिरांच्या बाजूनं फिकट पिवळे पट्टे येतात. त्याला औषध नाही, झाड उपटून टाकावं लागतं. शेजाऱ्यानं प्रेमानं दिलेल्या कंदातून हा रोग हमखास घरी येतो. सोनटक्काही अगदी निरोगी नाही. हळदीची पानं गुंडाळून आत बसणारी एका फुलपाखराची अळी त्याच्यावरही येते. पण ती गुंडाळी हातानं काढता येते, आणि ती येते तेव्हा दांडे जोमात असतात. हिशेब केला तर दोन्ही झाडं सारखीच कामाची आणि सारखीच कटकटीची. एकाला सोशिक आणि दुसऱ्याला नखरेल म्हणायला आधार उरत नाही.

फुलांकडे मात्र थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण दोन्ही एकाच गणातली, केळ-आलं-हळदीच्या गोतातली, आणि दोघांनीही एकच लबाडी केली आहे. कर्दळीचं फूल हातात घेऊन पाकळ्या मोजायला बसलात तर फसाल. ज्या रुंद, भडक पट्ट्यांना आपण पाकळ्या म्हणतो ते वांझ पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या त्यांच्या बुडाशी अरुंद, टोकदार आणि फिक्या असतात. फलन करणारा पुंकेसर एकच, तोही अर्धा पट्टी आणि अर्धा परागकोश. सोनटक्क्यातही तसंच. मधला तो पांढरा, दुभंगलेला, देठाशी पिवळसर झाक असलेला मोठा ओठ वांझ पुंकेसरांचाच झालेला. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागे लोंबणाऱ्या तीन बारीक फिती. इथे एक नाजूक रचना आहे: बाहेर डोकावणाऱ्या एकुलत्या पुंकेसराच्या खोबणीतून, परागकोशाच्या दोन कप्प्यांच्या मधून, कुक्षिवृंत सुतासारखा वर जातो आणि टोकाला हिरवट ठिपका बनून थांबतो. साधं भिंग असलं तर लहान मुलालाही हे दाखवता येतं.

रचना सारखी, पण गिऱ्हाईक वेगळं. कर्दळीचा लाल रंग दिवसाच्या पाखरांसाठी. इथे शिंजिर तिच्यावर येतात, हा तिचा गुण मान्य. सोनटक्का उमलतो संध्याकाळी, रंग पांढरा, वास दूरवर जाणारा, मध दोन-तीन इंच लांब नळीच्या तळाशी. हे सगळं लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी. आता शनिवार-रविवारच्या मालकाचाच निकष लावू. तो शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी उशिरा येतो. अंधारात लाल फूल काळं दिसतं. पांढरं फूल दिसतं, आणि दिसण्याआधी फाटकापाशीच कळतं. ओसरीवर बसून गप्पा मारण्याच्या वेळेला जे झाड बंद असतं ते त्याला विकायचं आणि जे उघडं असतं ते टाळायचं, हा कुठला सल्ला? शिवाय गणपतीत देवापुढे ठेवायला, केसांत माळायला सोनटक्का लागतो. बाजारात तो पानात बांधून मिळतो आणि घरी पोचेपर्यंत कोमेजायला लागतो, म्हणूनच तो दारी असावा. कर्दळीचं फूल केसांत माळलेलं निदान मी तरी पाहिलेलं नाही.

अलीकडे तिसरी एक बाजू उभी राहिली आहे आणि ती वेगळ्याच कारणानं दुसरं टोक गाठते: देशी तेच लावा, परदेशी उपटा. या मंडळींना वाटतं कर्दळ आणि सोनटक्का दोन्ही 'आपली', आजीच्या परसातली, म्हणून दोन्ही चालतील. त्यांच्या हेतूचा आदर आहे, पण त्यांच्याच निकषावर दोन्ही झाडं नापास होतात. कर्दळ उष्ण अमेरिकेची. ती इकडे जुनी खरी. मलबारच्या वनस्पतींवर १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये ती आहे. आज नर्सरीत मिळते ती तीही नव्हे. तिचं घराणं एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये, आने आणि क्रोझी या दोघांनी केलेल्या संकरांतून सुरू झालं. सोनटक्का पूर्व हिमालय आणि त्यापलीकडच्या भागाचा. भारतीय आहे, पण कोकणी नाही. आणि तिकडे क्यूबानं त्याला राष्ट्रीय फूल केलं, तर ब्राझील आणि हवाईमध्ये त्यानं ओढ्यांचे काठ अडवल्यामुळे लोक तो उपटत बसले आहेत. जन्मगाव बघून झाडाची चालचलणूक ठरवता येत नाही.

अस्सल इथलंच हवं असेल तर या दोघांची तुलनाच सोडून द्यावी. भीमाशंकरच्या पायथ्याच्या आणि माथेरानच्या उतारावरच्या जंगलात पेव आहे, रानहळद आहे, कळलावी आहे. पेवाची तांबड्या कणसातली पांढरी, चुरगळलेल्या कागदासारखी फुलं श्रावणात कोणत्याही विलायती फुलाला मागे टाकतील, आणि कळलावी तर गौरीच्या हातांसाठी घरोघर लागते. (तिचा कंद विषारी आहे, लहान मुलं असतील तिथे नको.) ही सगळी झाडं सोनटक्क्यासारखीच पावसात वर येतात आणि उन्हाळ्यात जमिनीखाली जातात. म्हणजे इथल्या मातीत हजारो वर्षं टिकलेल्या झाडांनीही 'बारा महिने' हा निकष कधी मानलेला नाही. माझ्या बाजूची यापेक्षा मोठी साक्ष मला शोधायची गरज वाटत नाही.

मग कर्दळ उपटायची का? मुळीच नाही. तिची जागा चुकली आहे, एवढंच. कोकणातल्या जुन्या घरांत ती दर्शनी भागात नसायची. मागच्या दारी, न्हाणीचं पाणी जिथून वाहत जातं तिथे अळू आणि केळीच्या शेजारी असायची. ती जागा विचार करून ठरलेली होती. रोजचं सांडपाणी म्हणजे बारमाही ओल, आणि तिचा उपसा करणारी कर्दळ म्हणजे चिखल कमी. आज सांडपाणी शुद्ध करायच्या कृत्रिम पाणथळींमध्ये कर्दळ सर्रास वापरतात, तीही याच गुणासाठी. इथे तिला वेगळं पाणी द्यावं लागत नाही, दिवसभर ऊन मिळालं तर ती खरोखर बारा महिने फुलते, आणि पावसात फुलांचा लगदा झाला तर मागच्या दारी तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तिच्या चिवटपणाची एक गोष्ट तर अशी की अर्जेंटिनात एका जुन्या दफनात, अक्रोडाच्या कवचाच्या खुळखुळ्यात सापडलेलं तिच्या जातकुळीतलं सुमारे ६०० वर्षांपूर्वीचं बी रुजलं. त्याचं कार्बन-कालमापन १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा झाडाला फाटकापाशी, मुरमाच्या भरावावर, ठिबकच्या नळीला बांधून ठेवणं हा त्याचाही अपमान आहे.

सोनटक्क्याविरुद्ध एक मुद्दा मी स्वतःच मांडतो, कारण विरोधक तो मांडत नाहीत. त्याचं जुडगं दाट होतं, खाली ओल राहते, ओलीला बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. कर्जत-खालापुरात हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून ओसरीच्या पायऱ्यांना लागून नको; दहा-बारा फुटांवर, आंबा-फणसाच्या पूर्वेला, दुपारनंतर सावली येईल अशा जागी. वास तेवढं अंतर सहज कापतो.

लावायचं कसं, ते थोडक्यात. प्लॉट सपाट करताना टाकलेल्या मुरमात थेट लावलं तर कुठलाच कंद नीट धरणार नाही. हातभर रुंद चर खणून त्यात शेणखत आणि वावरातली काळसर माती घालावी. कंद मृगाच्या आधी, वैशाखाच्या शेवटी फोडावेत, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवून, आडवे, चार बोटं खोल, हातभर अंतरावर. फुलून झालेले दांडे दिवाळीनंतर जमिनीलगत कापावेत, आणि चरावर भाताचं तूस किंवा पेंढा, नाहीतर आपण बागेच्या कोपऱ्यात पेटवून देतो तोच पालापाचोळा, वीतभर पसरावा. फाल्गुन ते वैशाख आठवड्यातून एकदा ओल पोचली तरी चालतं. दर तीन वर्षांनी जुडगं मोकळं करावं लागतं आणि तेव्हा कंद उरतात. ते मागणाऱ्याला द्यावेत, नाहीतर उन्हात पूर्ण वाळवून खतात टाकावेत. कुंपणापलीकडच्या ओढ्यात मात्र भिरकावू नयेत. ब्राझीलच्या ओढ्यांचं काय झालं ते वर आलंच आहे, आणि इथला ओढा पहिल्या पुरात तो कंद उल्हास नदीपर्यंत नेऊन पोचवेल.